तळहातावरच्या डागांना रंगाची ॲलर्जी समजला: सोलापूरच्या एका डाईंग कामगाराची केस

आधीच सांगते, ही केस सिफिलीसची, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या एका आजाराची आहे, आणि ओळख पटू नये म्हणून वय, महिने, कामाचं ठिकाण थोडं इकडंतिकडं केलंय, लक्षणं कशी आली, कुठली तपासणी झाली आणि काय औषध दिलं ते मात्र जसंच्या तसं लिहिते.

पेशंट पुरुष, तिशीच्या आतला, लग्नाला तीन वर्षं झालेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डाईंग युनिटला कामाला, टॉवेल-चादरीचं सूत रंगवायचं काम, म्हणजे दिवसभर गरम पाणी, रंग, सोडा आणि फाटके हातमोजे. बायको घरी विड्या वळते, पाचवा महिना चालू होता तिला. जूनच्या मध्यात हा स्किनच्या ओपीडीला आला, तक्रार एकच, तळहाताला केमिकलची ॲलर्जी झालीय, क्रीम लिहून द्या. डॉक्टरांनी तपासून त्याला माझ्याकडं पाठवलं, मी लैंगिक आजारांच्या क्लिनिकला काउन्सिलर आहे, आणि दारावरची पाटी वाचून तो तापलाच, "हाताच्या ॲलर्जीला इथं कशाला पाठवलं ओ मॅडम?"

कशाला ते नीट सांगायचंय म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय. सिफिलीस हा असा आजार आहे की तो सहसा दुखत नाही, खाजत नाही आणि काहीही न करता आपोआप दिसेनासा होतो, आणि प्रत्येक टप्प्याला माणसाला दुसरं काहीतरी पटण्यासारखं कारण सापडतं. ह्या माणसाला तर एकामागून एक लक्षणं आली आणि दरवेळी कारण तयार होतं.

आधी डॉक्टरांना काय दिसलं ते. त्याचे तळहात निळसर, रेषांमध्ये रंग बसलेला, त्यामुळं पहिल्या नजरेत खरंच काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी साबणानं हात धुवायला लावले, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले, तेव्हा खालचे डाग दिसायला लागले. तांबूस, गोल, डाळीच्या दाण्यापासून नखाएवढे, आणि काही डागांच्या कडेनं पातळ पापुद्रा सुटत होता. दाबलं तर दुखत नाही. खाजतं का विचारलं तर "नाही की ओ, खाजत असतं तर कवाच आलो असतो." मग डॉक्टर म्हणाले चप्पल काढा. तळपायालाही तेच डाग. त्यावर त्याचं उत्तर होतं की युनिटमध्ये खाली रंगाचं पाणी साचलेलं असतं, बूट फाटलेत, त्यानं झालं असंल. पटण्यासारखंच होतं. मग शर्ट-बनियन काढायला लावलं, आणि पाठीवर, छातीवर, कुशीत फिकट डाग होते. बनियनच्या आत रंगाचं पाणी कसं जाईल? इथं ॲलर्जीचा मुद्दा संपला.

रंगाची, सोड्याची ॲलर्जी असते ती बहुतेक वेळा जबरदस्त खाजते, बोटांच्या बेचक्यात, हाताच्या पाठीवर, मनगटावर जिथं हातमोजा संपतो तिथं जास्त येते, लाल होते, फुटते, पाणी सुटतं. सुट्टी घेतली की कमी होते. ह्याची उलट गत, बेचके स्वच्छ आणि तळवे भरलेले. तळहात-तळपाय दोन्हीकडं न खाजणारे डाग आले की सिफिलीसची रक्ततपासणी करायचीच, मग समोरचा माणूस कितीही साधा असो, कितीही लग्न झालेला असो. डागांची दुसरी कारणं असू शकतात, पण आधी ही एक गोष्ट बघून घ्यावी.

आता मागं जाऊ. दार लावून बसलो, पाणी दिलं, इथलं बोलणं बाहेर जात नाही हे सांगितलं आणि मग विचारलं की गेल्या काही महिन्यांत लघवीच्या जागी फोड, जखम काही आली होती का. बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला पाडव्याच्या सुमाराला एक आली होती, एकच, टोकाजवळ, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. त्याला वाटलं पँटची चेन लागली. दुखत नव्हती म्हणून चार दिवस दुर्लक्ष, मग कुणीतरी सांगितलं अंगात उष्णता झालीय, म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी. आणि सोलापूरचा एप्रिल म्हणजे उष्णतेवर विश्वास बसायला वेगळं काही करावं लागत नाही. शेवटी मेडिकलमधून ट्यूब आणली, मित्राकडच्या दोन कसल्यातरी गोळ्या घेतल्या, आणि एप्रिल संपेपर्यंत जखम गेली. "ट्यूबनं बरं झालं मॅडम, तवापासून काय त्रास नाही."

ट्यूबनं बरं झालं नव्हतं. सिफिलीसची पहिली जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते, आणि काही लावा किंवा न लावा, तीन ते सहा आठवड्यांत तिची ती भरते. जंतू मात्र तोवर रक्तातून अंगभर गेलेला असतो. ही जखम ओळखायची खूण अशी की बहुतेकदा एकच असते, दुखत नाही, वरून स्वच्छ दिसते आणि खालून कडक लागते, कानाचा वरचा भाग चिमटीत धरल्यावर लागतो ना तशी. जांघेत गाठी येतात, त्याही न दुखणाऱ्या. बाईला ती आतल्या बाजूला आली तर दिसतच नाही. तोंडात, गुदद्वाराजवळही येते.

मेडिकलवर मिळणाऱ्या त्या सगळ्यावर एकच औषध असलेल्या ट्यूबा, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लघवीच्या जागेवरच्या जखमेला ती ट्यूब लावायची नाही. सिफिलीसवर तिचा उपयोग नाही, जखमेचं रूप मात्र बदलतं आणि नंतर बघणाऱ्या डॉक्टरला ओळखणं अवघड जातं. लाज वाटते म्हणून माणूस मेडिकलला जातो, काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी असतात, तिथं कोण काय विचारणार आणि कोण काय दाखवणार.

मग जूनच्या सुरुवातीला त्याला ताप, घसा, अंगदुखी. पहिला पाऊस झाला होता, घरात सगळ्यांनाच सर्दी, म्हणून व्हायरल. पाठीवर डाग, त्या घामोळ्या. तोंडात आतून पांढरट चट्टे, ते तंबाखूच्या माव्यानं. डोक्याचे केस इथंतिथं विरळ झाले, कटिंगवाला म्हणाला चाई लागली. आणि तळहात, तो रंग. एकेक कारण घेतलं तर प्रत्येक खरं वाटतं, आणि वेगवेगळ्या पाच जणांना त्यानं ती लक्षणं दाखवली होती, पण पाचही एकत्र एका माणसाला कुणाला दाखवलीच नव्हती. सिफिलीसचा हा दुसरा टप्पा असतो, जखमेनंतर साधारण एक ते अडीच महिन्यांनी येणारा, आणि ह्या टप्प्यात माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायची शक्यता फार असते. हाही औषध न घेता मावळतो. मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, आणि काही जणांना पुढं हृदय, मेंदू, डोळे, कान ह्यांच्यावर परिणाम होतो. डोळे-कान-मेंदू तर सुरुवातीच्या काळातही धरू शकतो, म्हणून डागांबरोबर नजर अंधुक झाली, ऐकू कमी आलं, डोकं सतत दुखायला लागलं तर ते आवर्जून सांगावं.

तो म्हणाला, "पण मॅडम मला लघवीला काय त्रास नाही, पू नाही, जळजळ नाही, मग गुप्तरोग कसा?" हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो, कारण लोकांच्या डोक्यात लैंगिक आजार म्हणजे एकच चित्र असतं. पू येणं, लघवी करताना आग होणं हे परम्याचं, म्हणजे गनोरियाचं, संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत सुरू होतं, चड्डीला पिवळट डाग पडतात. क्लॅमिडियात एक ते तीन आठवड्यांनी, स्राव पातळ, पाण्यासारखा, आग थोडी, कित्येकांना तर काहीच नाही. इकडं लोक त्याला उन्हाळी लागली म्हणतात आणि लिंबूपाणी पीत बसतात. नुसती उन्हाळी असंल तर पाणी भरपूर प्यायल्यावर एक-दोन दिवसात फरक पडतो, तसा पडला नाही तर लघवी तपासायलाच पाहिजे, आणि पू-स्राव दिसत असंल तर ती उन्हाळी नाहीच. हर्पिसच्या फोडांचा प्रकार वेगळा, बारीक पाण्याचे फोड घोळक्यानं येतात, फुटतात, भयंकर दुखतात, लघवी लागली की माणूस कळवळतो, आणि जाऊन पुन्हा पुन्हा येतात. मोड म्हणजे वार्ट्स, ते दुखत नाहीत, वाढत जातात, संबंधानंतर कित्येक महिन्यांनीसुद्धा येतात. रात्री अंग खाजतंय, घरात सगळ्यांनाच खाजतंय, तर ती खरूज, तिचं औषध अगदी साधं. आणि लघवीतून धातू जातो म्हणून घाबरून येणारी पोरं असतात, लघवी-रक्त सगळं नॉर्मल, त्यांना आजार नसतो, भीती असते, ती बोलून जाते.

बायकांचं अजून अवघड. अंगावरून पांढरं जाणं सगळ्यांनाच थोडंफार असतं, पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात वाढतं, त्याला काही करायचं नसतं. दह्यासारखं, प्रचंड खाज असंल तर बहुतेकदा बुरशी, ती संबंधातूनच येते असं नाही, त्यामुळं नवऱ्यावर संशय घ्यायचं कारण नाही. माशासारखा वास येत असंल तर जंतूंचं संतुलन बिघडलेलं असतं. फेसाळ, हिरवट-पिवळट, वास आणि आग असंल तर ट्रायकोमोनास, तो संबंधातून येतो, दोघांनी औषध घ्यावं लागतं. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी दुखतंय, मध्येच रक्त जातंय, तर थांबायचंच नाही. आणि गनोरिया-क्लॅमिडिया बहुतेक बायकांना काहीही लक्षण दाखवत नाहीत, म्हणून नवऱ्याला त्रास झाला की बायकोची तपासणी करायची, तिला काही होत असो नसो.

तर आपल्या केसकडं. सिफिलीसच्या दोन रक्ततपासण्या केल्या. व्हीडीआरएल तपासणी १:६४ ला रिॲक्टिव्ह आली, म्हणजे रक्त चौसष्ट पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह, हा आकडा जेवढा मोठा तेवढा आजाराचा जोर जास्त. दुसरी, खात्रीची तपासणी टीपीएचए, तीही पॉझिटिव्ह. एचआयव्ही आणि कावीळ-बी निगेटिव्ह. फेब्रुवारीत बाहेरगावी एका लग्नाला गेला होता, तिथं संबंध आला, कंडोम नव्हता, त्याला तीन महिन्यांहून जास्त झाले होते म्हणून एचआयव्हीचा निगेटिव्ह रिपोर्ट धरता आला, महिनाभरातच तपासलं असतं तर पुन्हा बोलवावं लागलं असतं. रिपोर्ट ऐकल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "बायकोचं रक्त मार्चमध्ये तपासलंय, सगळं चांगलं आलंय, तिला काय सांगायची गरज नाही." कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये होता त्याच्याकडं. खरंच, पहिल्या तपासणीत, दुसऱ्या महिन्यात, व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह.

पण त्याची जखम मार्चच्या शेवटी आली, तिचं रक्त मार्चच्या मध्यात घेतलं. रिपोर्ट खोटा नव्हता, तो त्या दिवसापुरता खरा होता. त्यानंतर तीन महिने दोघं एकत्रच राहत होते. गरोदर बाईला सिफिलीस झाला आणि उपचार राहिले तर गर्भपात, पोटात बाळ दगावणं, कमी दिवसांचं बाळ, बाळाच्या हाडांवर-लिव्हरवर परिणाम, सगळं होऊ शकतं, आणि हे सगळं इंजेक्शननं टळण्यासारखं असतं. हे मी त्याला न फिरवता सांगितलं. घाबरवायला नव्हे, त्याला माहीत असणं त्याचा हक्क होता म्हणून. तो रडला. मग विचारलं, "मी सांगू का तुम्ही सांगता?" मी म्हटलं तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. नुसतं "रक्तात इन्फेक्शन आहे" एवढंच सांगा असा त्याचा आग्रह होता, त्याला मी तयार झाले नाही. तिच्या अंगाचा, तिच्या पोटातल्या लेकराचा प्रश्न आहे, तिला आजाराचं नाव आणि तो कसा येतो हे कळलंच पाहिजे, बाकी तुमच्या दोघांत काय बोलायचं ते तुमचं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. तिनं ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही. मग माझ्याकडं वळून विचारलं, "माझ्या लेकराला काय होणार नाही ना ताई?" आणि थोड्या वेळानं, "आमच्या अत्तम्माला कळणार का?" सासूला कळायचं कारण नाही हे सांगितलं. तिला त्रास काही नव्हता, फक्त उजव्या जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलंय म्हणाली, पायाला ठेच लागलेली, त्यानं आलं असंल. दुखत नव्हतं. तिची व्हीडीआरएल १:१६, टीपीएचए पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आली असती तरी तिला इंजेक्शन द्यायचं डॉक्टरांनी ठरवलंच होतं, कारण नवरा दुसऱ्या टप्प्यात आहे आणि ती गरोदर आहे, अशा वेळी रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं.

औषध जुनंच, बेंझाथिन पेनिसिलीन, २४ लाख युनिट, अर्धं एका कुल्ल्याला अर्धं दुसऱ्याला. टोचताना दुखतं, जाड सुई असते. पेनिसिलीनची रिॲक्शन येते म्हणून बाहेर बरेच ठिकाणी ते देतच नाहीत, आधी थोडं टोचून बघतात, इमर्जन्सीची औषधं जवळ ठेवतात आणि मग देतात, भीतीपोटी टाळण्यासारखं ते औषध नाही. गरोदर बाईला तर दुसरा भरवशाचा पर्यायच नाही, एरवी चालणारं डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत. त्याला एक डोस पुरला. तिची मार्चची तपासणी निगेटिव्ह होती म्हणजे आजार वर्षाच्या आतला हे नक्की, तरी डॉक्टरांनी आठवड्यानं दुसरा डोस दिला. लागण किती जुनी हे माहीत नसतं तर दर आठवड्याला एक असे तीन डोस लागले असते.

इंजेक्शनच्या रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला, डाग जास्त लाल झाले. हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. जंतू एकदम मरतात तेव्हा पहिल्या चोवीस तासांत असा ताप येऊ शकतो, ती औषधाची ॲलर्जी नसते, पॅरासिटामॉल घेऊन उतरतो. सांगितलं नसतं तर रात्री दुसऱ्या दवाखान्यात गेला असता आणि कायमचं "पेनिसिलीन चालत नाही" म्हणून कागदावर आलं असतं. गरोदर बाईत ह्या तापानं पोट दुखायला लागू शकतं, कळा येऊ शकतात, म्हणून तिला इंजेक्शननंतर वॉर्डात ठेवून घेतलं, बाळाचे ठोके बघत होते, काही झालं नाही. डाग आणि जखमा पूर्ण जाईपर्यंत आणि दोघांच्या उपचारानंतर निदान आठवडाभर संबंध नाही, नंतर कंडोम, हे दोघांनाही समोरासमोर सांगितलं.

एक गोष्ट ह्या केसमध्ये सुटता सुटता राहिली ती माहेरची. सातव्या महिन्यात ओटीभरण करून ती माहेरी जाणार, बाळंतपण तिथं, आणि तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसणार. कार्डावर घरचे कुणीही वाचतील म्हणून तिला ते लिहायचं नव्हतं. मग आमच्या डॉक्टरांनी वेगळं बंद पाकीट दिलं, त्यात आजार, डोसच्या तारखा, रिपोर्टचे आकडे, आणि ते तिनं पर्समध्ये ठेवून बाळंतपणाच्या वेळी थेट डॉक्टरच्या हातात द्यायचं. तिनं ते तसंच केलं. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, दिवस भरलेली. तेव्हा आईची व्हीडीआरएल १:४, बाळाची १:२. बाळाच्या रक्तात आईच्या प्रतिपिंडांमुळं, म्हणजे अँटिबॉडीजमुळं, असं येतं, ते आईपेक्षा चौपट जास्त असतं तर काळजीचं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, लक्षण काही नव्हतं, तरी खबरदारी म्हणून बाळाला पेनिसिलीनचा एक डोस दिला. आईच्या अंगातून आलेली ही प्रतिपिंडं काही महिन्यांत जातात, तोवर बाळाचं रक्त दोन-तीन महिन्यांनी तपासत राहायचं.

त्याचे डाग पंधरा दिवसांत फिके पडले, चाईच्या जागी केस आले. डिसेंबरमध्ये त्याचा आकडा १:८. ६४ चा चौथा हिस्सा १६, त्याच्याही खाली आला म्हणजे औषध लागू पडलं. पुढच्या जूनपर्यंत येत राहायचंय त्याला. टीपीएचए मात्र बहुतेकांचं आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतं, ते त्याला कागदावर लिहून दिलंय, उद्या ऑपरेशनच्या आधी किंवा आखाताच्या व्हिसाच्या तपासणीत कुणी रक्त बघितलं तर "तुम्हाला सिफिलीस आहे" म्हणून पुन्हा घाबरायला नको, हा कागद आणि व्हीडीआरएलचे आकडे दाखवायचे. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, पुन्हा लागण होऊ शकते, हेही त्याच कागदावर आहे.

फेब्रुवारीतल्या त्या बाईसाठीही चिठ्ठी दिली होती, नाव-आजार काही न लिहिता फक्त "तपासणी करून घ्या" एवढीच. नंबर होता त्याच्याकडं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिनं उचलला नाही म्हणाला, नंतर मेसेज टाकला, तिनं बघितला एवढंच कळलं. ती तिच्या गावात कुठंही तपासू शकते, सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध फुकट मिळतं, आपल्याकडं सिव्हिलला त्वचा-गुप्तरोग विभाग आहे, एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, होते, आणि कुणाला तोंड दाखवून विचारायचं नसंल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे, तिथं नाव सांगावं लागत नाही. मेसेजमध्ये तो नंबर मी त्याला घालायला सांगितला होता.